गाडीत पावसाचं पाणी कुठून शिरतंय, ते शोधायचं कसं

चिपळूणला आमचं कौलारू घर होतं. पावसात माजघरात ठिबकायला लागलं की अण्णा ठिबकणाऱ्या जागेच्या बरोबर वर कधी बघत नसत. वाशाला हात लावून ओल चाचपत ते वर सरकत जायचे आणि फुटकं कौल दोन-तीन हात पलीकडे, भलत्याच ओळीत सापडायचं. गाडीचंही असंच असतं. पत्र्याच्या कडा, वायरींचे जुडगे, कार्पेटखालची खोबण, जिथे वाट मिळेल तिथून पाणी वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या जागी साचतं. आपल्याला दिसतं ते साचलेलं पाणी.

माझ्या हॅचबॅकमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी सलग दोन पावसाळे पाणी येत होतं. पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन भरून घेतलं. दोन्ही वेळा पैसे गेले, पाणी येतच राहिलं. शेवटी दाराचं आतलं पॅनेल उघडलं तेव्हा कारण सापडलं. स्पीकर बदलताना कुणीतरी दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला होता. काचेला काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून एक नियम मी कटाक्षाने पाळते: पाणी आत शिरताना डोळ्यांनी दिसत नाही तोवर सीलंटच्या नळीचं टोपण उघडायचं नाही.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला हा लेख लागू नाही. तशी गाडी सुरूही करू नका, उचलून गॅरेजला न्या. जुनी गाडी घेतली असेल आणि कार्पेटखाली, सीटबेल्टच्या गुंडाळीत, सीटच्या रुळांत वाळलेला बारीक गाळ सापडला, तर ती गळती नसून जुना पूर असू शकतो. २०२१ च्या जुलैतला पूर पाहिलेल्या आमच्याकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

आधी पाणी ओळखा

केबिनमध्ये सापडणारं सगळं पाणी पावसाचं नसतं. मॅट उचला, ओल्या कार्पेटवर पांढरा टिश्यू दाबा आणि नीट बघा.

स्वच्छ, बिनवासाचं पाणी पाऊस नसतानाही येत असेल, आणि एसी लावून लांबचा प्रवास झाल्यावर येत असेल, तर ते एसीचं. डॅशबोर्डखाली एसीचा जो थंड भाग असतो त्यावर हवेतला दमटपणा पाणी होऊन जमतो आणि एका रबरी नळीतून गाडीखाली पडतो. ही नळी धुळीने तुंबली की पाणी केबिनमध्ये उलटतं. तपासणी सोपी आहे. दमट दिवशी गाडी मोकळ्या जागी उभी करून एसी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. गाडीखाली थेंब थेंब पडून छोटं थारोळं व्हायला हवं. खाली जमीन कोरडी राहिली आणि आत पायाशी ओल आली, तर नळी साफ करून घ्या, काम तिथेच संपलं.

हिरवं, गुलाबी किंवा केशरी, बोटाला किंचित तेलकट आणि वासाला गोडसर असेल तर ते कूलंट. हीटर लावल्यावर काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल तर खात्रीच. या गळतीत दिरंगाई चालत नाही, कारण कूलंट संपत गेलं की इंजिन तापतं. लगेच गॅरेज गाठा. कूलंट विषारी असतं, तेव्हा लहान मुलं आणि घरातली मांजरं-कुत्री त्यापासून लांब ठेवा.

मागे वायपर असलेल्या गाड्यांत आणखी एक शक्यता असते. मागच्या काचेवर फवारा मारणारी नळी छताच्या अस्तरामागून जाते. ती सांध्यात निखळली तर साबणाचं पाणी छतातून झिरपतं. मागचा फवारा दहा-बारा वेळा मारून बघा.

यातलं काहीच नसेल आणि ओल फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर येत असेल, तर पुढे वाचा.

आठवडाभर नोंद ठेवा

पाना-पकड हातात घ्यायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहीत जा. गाडी उभी असताना भिजली की चालताना? उभी होती तेव्हा नाक चढाकडे होतं की उताराकडे? वारा कुठल्या बाजूने होता? आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली होती का?

या नोंदी तुमची निम्मी मेहनत वाचवतात. उभ्या गाडीत पाणी येत असेल तर वाट वरून आहे: काऊल (वायपरखालचं पन्हाळ), सनरूफ, काच, छताचे सांधे. फक्त घाटात किंवा हायवेवर भर पावसात येत असेल तर वाऱ्याच्या दाबाने दाराच्या रबरातून किंवा काचेच्या कडेतून शिरत असणार. फक्त साचलेल्या पाण्यातून गेल्यावर येत असेल तर तळाचं रबरी बूच निघालंय किंवा इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातलं एखादं ग्रॉमेट (वायरीच्या भोकातलं रबरी कडं) सुटलंय. आमच्या शेजारच्यांच्या गाडीत फक्त सोसायटीत उभी असताना पाणी यायचं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये कधीच नाही. सोसायटीतली जागा उतरती होती आणि तिथे गाडीचं नाक खाली जायचं. सनरूफच्या पुढच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या. सपाट जागेवर मागच्या नळ्या काम निभावून नेत होत्या.

कार्पेट उचला आणि पत्रा उघडा करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. प्लास्टिकच्या पट्टीने हळूच वर ओढली की निघते. स्क्रूड्रायव्हरने उचकटलीत तर क्लिपही तुटते आणि रंगही जातो. पट्टी निघाली की कार्पेटची कड उचलून खाली हात घाला. कार्पेटच्या पाठीला घोंगडीसारखा जाड थर असतो. वरून कार्पेट कोरडं ठणठणीत लागत असताना हा थर कित्येक लिटर पाणी धरून बसलेला असतो.

बहुतेक वेळा सीट न काढता काम होतं. काढावीच लागली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा, काही मिनिटं थांबा आणि मगच सीटखालचे कनेक्टर काढा. त्यातले पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते सुटलेले असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत केशरी रंगाच्या केबलला हातसुद्धा लावायचा नाही.

आता पत्रा पुसून अगदी कोरडा करा. ओल्या गाडीत गळती शोधणं व्यर्थ आहे, कारण नवं पाणी जुन्यात मिसळतं. कोरड्या पत्र्यावर सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा एक ओघळ जरी आला तरी पावडरीत त्याची वाट उमटते, आणि त्या रेषेचं वरचं टोक तुम्हाला पुढे कुठे बघायचं ते दाखवतं. जिथे पावडर टिकत नाही, म्हणजे उभ्या पत्र्यावर किंवा छत पेलणाऱ्या खांबांच्या आतल्या कडेला, तिथे टिश्यूच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर पेनाने आकडे घाला. जुन्या खुणाही वाचा. गंजाची बारीक रेघ, वाळलेल्या मातीचा डाग, छताच्या अस्तरावरचा तपकिरी कडेचा ठिपका, या सगळ्या पाण्याच्या पायवाटा आहेत.

पाइपाची परीक्षा

याला दोन माणसं लागतात. एक बाहेर पाइप घेऊन, दुसरं आत टॉर्च घेऊन. दारं, काचा बंद. पाइपाला नोझल लावू नका, धार साधी, मंद वाहती ठेवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप इथे चालत नाही. त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं आणि तुम्ही भलत्याच जागेमागे लागता.

क्रम खालून वर. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची पट्टी, मग खांब, मग पुढच्या काचेची खालची कड, मग बाजूच्या कडा, शेवटी छत. वरून सुरुवात केलीत तर पाणी एका वेळी सगळ्यावरून वाहतं आणि काहीच सिद्ध होत नाही. एका जागेवर किमान पाच मिनिटं, संशय असेल तिथे दहा ते पंधरा. घाई करणाऱ्यांची परीक्षा इथेच फसते, कारण पाण्याला आतली पोकळी भरून ओसंडायला वेळ लागतो. ज्या चढ-उतारावर गाडी नेहमी उभी असते, तसाच चढ-उतार परीक्षेलाही असू द्या.

मी धार धरून होते आणि माझी भाची आत पालथी पडून डॅशबोर्डखाली टॉर्च मारत होती. संशय काचेवर होता म्हणून क्रम मोडून आधी काचेवर दहा मिनिटं पाणी सोडलं, काही नाही. दारावर पाइप आणल्यावर चौथ्या मिनिटाला ती ओरडली, "आत्या, थांब! दाराच्या पुठ्ठ्याच्या खालून येतंय, उंबऱ्यावर!" दोन पावसाळ्यांचं कोडं चार मिनिटांत सुटलं.

एकटेच असाल तर साबणाची युक्ती करा. ब्लोअर पूर्ण वेगावर, हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, दारं-काचा बंद करा. मग बाहेरून काचेच्या कडा आणि रबरांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे आतली हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतात. त्या तात्पुरत्या टेपने बंद केल्या तर आत दाब चांगला धरतो. परीक्षा संपल्यावर टेप आठवणीने काढा.

पाणी नेहमी येतं त्या वाटा

काऊलपासून सुरुवात करा. वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी दिसते, तिच्याखालचं हे पन्हाळ. काचेवरून आलेलं पाणी इथे जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली पडतं. केबिनमध्ये येणारी हवाही इथूनच घेतली जाते. भोकं तुंबली की पन्हाळ भरतं आणि पाणी हवेच्या वाटेने ब्लोअरमध्ये उतरतं. आपल्याकडे याला सगळ्यात मोठं निमित्त गुलमोहर. मे महिन्यात त्याच्या सावलीत गाडी लावायची कुणाला आवडत नाही? पण त्याची तांदळाच्या दाण्याएवढी पानं जाळीतून सहज खाली जातात आणि जूनच्या पहिल्या सरीत त्यांचा लगदा होऊन भोकात बूच बसतं. चिंचेचंही तसंच. पिंपळाची मोठी पानं जाळीवरच अडकतात, ती हाताने निघतात.

खूण अशी: ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर काढून बघा. तो ओला असेल किंवा त्यावर पाण्याचे मातकट डाग असतील तर संशय काऊलवर. खात्रीसाठी बॉनेट उघडून काऊलच्या एकेका टोकाला तांब्याभर पाणी हळूच ओता. ते पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूने लगेच खाली पडलं पाहिजे. रेंगाळलं तर वायपर आणि जाळी काढून सगळा लगदा हाताने उपसा. पाण्याने ढकलू नका, बूच आणखी खाली जाऊन बसतं. काही गाड्यांत हे पाणी फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आत पडतं आणि तिथे चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणामागे पालापाचोळा मूठमूठ साठतो. ते आवरण सोडवून साफ करा. तिथला ओला कचरा पत्रा आतून खातो.

दाराबद्दल एक गैरसमज आहे. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काच वर-खाली होते, तिच्या फटीतून पाणी आत जाणारच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं आणि केबिनकडे येऊ नये, यासाठी दाराच्या पॅनेलमागे प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा ब्यूटाइल नावाच्या काळ्या चिकट रबरी सीलंटने चिकटवलेला असतो. पॉवर विंडो, लॉक किंवा स्पीकरचं काम झालं की हा पडदा फाटतो किंवा अर्धवट लावला जातो. तुमच्या गाडीत असं काम झाल्यावरच ओल सुरू झाली असेल तर सरळ दारापासून सुरुवात करा.

दार हलवताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर तळाची भोकं बुजली आहेत. प्लास्टिकच्या केबल टायने ती मोकळी करा, तार किंवा खिळा घालून रंग खरवडू नका. पडदा नुसता सुटला असेल तर जुनं ब्यूटाइल हेअर ड्रायरने गरम करून दाबलं की पुन्हा धरतं. फाटला असेल तर जाड प्लास्टिकचा नवा कापून ब्यूटाइलच्या नव्या दोरीवर बसवा. त्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत खोचलेली हवी, म्हणजे ओघळ आतच पडतो. साधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप इथे लावू नका. पहिल्याच पावसाळ्यात ती सुटते.

दाराच्या रबरासाठी कागदाची परीक्षा पुरते. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडसर लागला पाहिजे. जिथे पट्टी सुळकन येते तिथे रबर चपटं झालंय किंवा दार नीट बसत नाही. रबर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावलंत तर रबर फुगून खराब होतं.

सनरूफ पाणी अडवत नाही, वळवतं. काचेच्या रबरातून थोडं पाणी आत जाणार हे धरूनच त्याखाली पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात. पुढच्या नळ्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून, मागच्या नळ्या शेवटच्या खांबांतून खाली जातात. छताच्या अस्तराला कोपऱ्यात डाग, पुढच्या खांबावरून ओघळ, किंवा ब्रेक मारल्यावर डोक्यावर थेंब ही खूण. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात थोडं थोडं पाणी घाला आणि ते गाडीखाली पडतं का बघा. तुंबलं असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी, टोक गोल करून, हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी खांबाच्या आत सांध्यातून निखळते आणि मग अख्खं अस्तर उतरवावं लागतं.

पुढची काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर काच बसवणाऱ्याकडेच परत जा. काच युरेथेनने पत्र्याला चिकटवलेली असते. पुष्कळ गाड्यांत शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना तिचा टेकू घेते, म्हणून बाहेरून सिलिकॉन फासणं हा इलाज होऊ शकत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याला गंज लावतं आणि पुढे त्या जागी चांगलं सीलंट धरूही देत नाही. काच काढून कडेचा गंज साफ करून पुन्हा बसवून घ्या.

डिकीसाठी स्टेपनी बाहेर काढून तिचा खड्डा कोरडा करा आणि पावडर टाका. मागची सीट पाडून केबिनमधूनच आत डोकावा. बंद डिकीत माणसाला, मुलांना तर मुळीच, बसवू नका. टेललाइटचं गॅस्केट, हवेच्या झडपांची रबरं, छतावरच्या अँटेनाचं बूड, पत्र्याच्या सांध्यातलं तडकलेलं सीलर हे नेहमीचे संशयित. गाडीला मागून धडक बसून काम झालं असेल तर सांधे आधी बघा. आणि रिव्हर्स कॅमेरा किंवा पार्किंग सेन्सर बाहेरच्या दुकानातून बसवला असेल तर त्याची वायर धरून मागे जा. भोक पाडलंय, पण ग्रॉमेट लावलेलं नाही, असं पुष्कळदा सापडतं. इंजिनकडून केबिनमध्ये नेलेल्या हॉर्न-फॉगलॅम्पच्या वायरींचंही तेच. वायर भोकाच्या आधी थोडी खाली लोंबकळती ठेवली की पाणी त्या झोळातून गळून पडतं, आत येत नाही. ग्रॉमेट उंदरांनी कुरतडलेलं असेल तर नवं बसवा.

वाळवणं

गळती बंद झाल्यावरच वाळवायला घ्या. आधी जुन्या टॉवेलवर पाय देऊन घोंगडीच्या थरातलं पाणी शोषून काढा. ओलं खेचणारा व्हॅक्युम मिळाला तर उत्तम. मग कार्पेट लाकडाच्या ठोकळ्यांवर उचलून धरा आणि खालून टेबल फॅन लावा. जुलैत कोकणात उन्हाची वाट बघत बसू नका. एसी चालू करून हवा आतल्या आत फिरवत ठेवली तर दमटपणा झपाट्याने उतरतो. इंजिन चालू असताना गाडी मोकळ्यावर असू द्या, बंद गॅरेजमध्ये कधीही नको, तिथे धुराने जीव जातो.

बुरशी धरली असेल तर मास्क लावून सौम्य साबणाच्या पाण्याने घासा आणि पुन्हा पूर्ण वाळवा. परफ्यूमची कुपी टांगून वास जात नाही. थर कुजला असेल तर तो बदलावाच लागतो. डॅशबोर्डखाली, पायाच्या बाजूच्या पत्र्याजवळचे कनेक्टरही उघडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर बॅटरी सोडवून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पॉवर विंडो आपोआप खाली-वर होणं, दिवे लुकलुकणं, असे चाळे बऱ्याचदा इथून सुरू होतात.

पट्ट्या आणि क्लिपा लगेच बसवायची घाई नको. कार्पेटची कड मोकळीच ठेवा, खाली वर्तमानपत्राची घडी सरकवा आणि त्यावर तारीख लिहा. दोन-तीन मुसळधार पाऊस होऊ द्या, एखादा घाटाचा फेराही होऊ द्या, आणि दर वेळी घडी काढून बघा. सलग तिसऱ्यांदा ती कोरडी निघाली की मग कार्पेट दाबून बसवा.